पस्तिशीच्या आत

अमीनाबादमधल्या दुकानदाराने पांढऱ्या कापडाचा तागा माझ्यापुढे उलगडला आणि विचारलं, "बिटिया साथ नहीं आई? नाप तो उसी का लगेगा न?"

नर्सिंगच्या युनिफॉर्मचं कापड म्हटलं की समोर अठरा वर्षांची मुलगी आणि तिच्यामागे पिशवी धरून उभी असलेली आई, हे त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. माझी बिटिया तेव्हा बारा वर्षांची होती आणि शाळेत होती. मी म्हटलं, "नाप मेरा लीजिए." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कापडाकडे पाहिलं आणि कात्री थोडी पुढे सरकवली. मग एकदम उजेड पडल्यासारखा म्हणाला, "अच्छा अच्छा, मैडम पढ़ाती हैं." मी खोटं बोलले नाही, नुसती मान हलवली. घरी येईपर्यंत त्या हललेल्या मानेचा मला राग येत राहिला.

आम्ही मूळचे सांगलीचे. नवरा बँकेत, बदली होऊन लखनौला आला, त्याला चार वर्षं झाली होती. विकास नगरात पहिल्या मजल्यावर भाड्याचं घर. मी बी.ए. झालेली, कधी शिकवण्या, कधी शिवण, बाकी घर. बारावीनंतर मला नर्सिंगला जायचं होतं. घरी रात्रपाळ्यांचं नाव निघालं आणि विषय मिटला. मीही फार भांडले नाही. तो विषय पुन्हा वर आला तो वडील मिरजेला दवाखान्यात होते तेव्हा. त्यांना कूस बदलून द्यायची म्हणजे आम्ही दोघी-तिघी मिळून ओढाताण करायचो आणि ते कण्हायचे. मग एक नर्स आली, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि वडील कुशीवर. कण्हणं नाही, काही नाही. वय असेल तिचं पंचवीस. मला तिचा हेवा वाटला. एवढा हेवा मला कधी कुणाच्या दागिन्यांचा किंवा घराचाही वाटला नव्हता.

वडील त्यानंतर सहा महिन्यांनी गेले. मी लखनौला परत आले आणि चौकशी करायला लागले, तेव्हा कळलं की तीन वर्षांच्या त्या डिप्लोमाला पस्तीस वर्षांच्या आतच प्रवेश मिळतो. मला चौतिसावं संपत आलेलं. पुढच्या प्रवेशापर्यंत पस्तीस भरणार. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही. नवऱ्याने ऐकून घेतलं, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "शिंगं मोडून वासरांत शिरायचं म्हणतेस?" मी म्हटलं, "हो. शिंगांचं माझं मी बघते." मुलीने तेवढंच विचारलं, "मम्मा, मतलब आपका भी यूनिट टेस्ट होगा?" तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. होईल म्हटल्यावर तिला फार आनंद झाला.

कॉलेज खाजगी, एका दवाखान्याला जोडलेलं. तिथे मान वयाला नसतो, वर्षाला असतो. पहिल्या वर्षाच्या मुलींनी जिन्यात, व्हरांड्यात दुसऱ्या वर्षाची कुणी दिसली की बाजूला उभं राहून "गुड मॉर्निंग मैम" म्हणायचं. हा तिथला रिवाज. मीही भिंतीला पाठ लावून उभी राहायचे. समोरची मैम एकोणीस वर्षांची, दप्तराला टेडी लटकवलेली. ती बिचारी माझं गुड मॉर्निंग ऐकून इतकी कानकोंडी व्हायची की पुढे पुढे दुसऱ्या वर्षाच्या मुली मला लांबून पाहिलं की जिनाच बदलायला लागल्या. रिवाज मोडू नये म्हणून मी थांबायचे आणि रिवाज पाळला जाऊ नये म्हणून त्या पळायच्या.

माझ्या वर्गातल्या मुली मला "आंटी" म्हणत. पहिल्या आठवड्यात मी एकदोघींना म्हटलं की दीदी म्हणा. त्यांनी "जी आंटी" म्हटलं. मी नाद सोडला. वाईट नव्हत्या त्या. माझ्यासाठी पुढच्या बाकावर जागा धरायच्या, डब्यातली भाजी मागून खायच्या, वर "आंटी, आपकी सब्जी में गुड़ क्यों है" असंही विचारायच्या. पण मी जवळ गेले की त्यांचं बोलणं एकदम सभ्य व्हायचं. अठरा वर्षांच्या पोरी एवढं सभ्य बोलायला लागल्या की समजावं, आपण तिथे नको आहोत. पाठांतरात तर माझे हाल होते. शरीरातल्या हाडांची नावं त्या दोन दिवसांत घडाघडा म्हणायच्या. मी कुकरच्या शिट्ट्यांबरोबर म्हणायचे आणि सकाळपर्यंत निम्मी गळून जायची. पी हळद आणि हो गोरी असं काही होणार नाही, एवढं मला कळत होतं. तरी मनातून रोज वाटायचं, ही गाडी आपल्याला सोडून गेली आहे आणि आपण फलाटावरून पळतो आहोत.

हातांनी करायच्या कामात मात्र मी मागे नव्हते. पलंगाची चादर अशी घालायची की सुरकुती राहू नये, पेशंट पलंगावर असताना त्याच्याखालची चादर बदलायची, नाडी मोजायची, तोंड पुसायचं. हे सगळं आम्ही एकमेकींवर शिकायचो. जोड्या लावलेल्या असत. एक पेशंट व्हायची, एक नर्स, मग उलट. माझी जोडीदार सीतापूरकडच्या खेड्यातली, हॉस्टेलवर राहणारी मुलगी होती. कमी बोलायची, पण बँडेज असं बांधायची की सोडवत नसे. तिने माझी नाडी मोजली, माझे केस पलंगावर झोपवून धुतले, हात कोपरापर्यंत पुसून दिले. सगळं नीट चाललं होतं.

जानेवारीत पाय आले.

पेशंटचे पाय कसे धुवायचे हा एक वेगळा धडा असतो. पलंगावर रबराचं कापड, त्यावर कोमट पाण्याचा टब, पेशंटचा गुडघा वाकवून पाय टबात, बोटांच्या मधल्या जागा एकेक करून पुसायच्या, कोरड्या करायच्या. ट्यूटर मॅमनी एकदा करून दाखवलं. त्या सव्वीस-सत्तावीसच्या, कडक, मला "आप" म्हणताना एक क्षण अडखळणाऱ्या. मग जोड्या. मी आधी पेशंट झाले. मोजे काढले, पलंगावर आडवी झाले. माझ्या जोडीदाराने टब ठेवला, पाण्यात कोपर घालून गरम किती ते पाहिलं. मग ती तशीच उभी राहिली. हात पाण्यात आणि नजर माझ्या पायांवर. मॅम दुसऱ्या पलंगाकडे वळल्या तशी ती अगदी हळू म्हणाली, "आंटी, हमसे नहीं होगा." आणि हात पुसून बाहेर गेली.

मी उठून बसले आणि तिने जे पाहिलं ते पाहिलं. लखनौची थंडी कोरडी, टाचांना चिरा पडलेल्या, त्यांत काळं बसलेलं. वरवंटा पडून काळं झालेलं अंगठ्याचं नख. कॉलेजात दागिना चालत नाही म्हणून जोडवी काढून ठेवलेली, तिथे बोटांना पांढरे वळ. चेहऱ्याला पावडर लावता येते, केस जाळीत बांधता येतात, पण पाय वय सांगून मोकळे होतात. आजूबाजूला अठरा वर्षांचे गुळगुळीत पाय टबांत बुडत होते आणि खिदळणं चाललं होतं. मला इतकी लाज वाटली की मोजे घालताना उलट-सुलट कळेना.

त्या संध्याकाळी मी बाथरूममध्ये बसून वजरीने टाचा घासल्या. नंतर व्हॅसलीन, वर मोजे. मुलीने दारातून पाहिलं. "मम्मा, क्या कर रही हो?" मी म्हटलं, "अभ्यास." नवरा दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना टाचांना लावायच्या मलमाची ट्यूब घेऊन आला. त्याचंही मला लागलं. म्हणजे ह्यालाही दिसत होत्या तर.

आठ-दहा दिवसांत टाचा बऱ्या झाल्या. मधल्या काळात माझी जोडीदार मला टाळत होती. हसायची, जागा धरायची, पण डोळ्याला डोळा नाही. मॅमनी पुन्हा जोड्या लावल्या तेव्हा मीच म्हटलं, दुसरी कुणी द्या. दुसरी आली. ती लखनौचीच, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतली, बडबडी. तिने टब आणला आणि एकाएकी तिचं पोट दुखायला लागलं. तिसरीला मी विचारलं तर ती म्हणाली, "आंटी, आप हमारे धो दीजिए न, आपका हम लिख देंगे कि हो गया." मॅमना हे चालणार नव्हतं. दोन्ही बाजू करून दाखवल्याशिवाय धडा पूर्ण धरत नाहीत आणि धडे पूर्ण झाल्याशिवाय वॉर्डात पाठवत नाहीत. पुढच्या महिन्यात वॉर्ड सुरू होणार होता. मॅम म्हणाल्या, "पार्टनर आप ही देख लीजिए." त्यांच्या लेखी ती साधी गोष्ट होती.

माझ्या लेखी नव्हती. स्वभावाने मी भांडखोर. भाजीवाल्याशी, घरमालकाशी, गरज पडली तर बँकेच्या मॅनेजरशी भांडू शकते. पण माझे पाय हातात धरा म्हणून कुणाशी कसं भांडायचं? मला वाटलं, हेच खरं आहे. हाडांची नावं पाठ होतील, परीक्षा निघेल, पण ह्या पोरींच्यात मी त्यांच्यातली कधीच होणार नाही, आणि जिला एकमेकींवर शिकता येत नाही तिने शिकायचं कसं? सोडावं. सोडलं तर पुन्हा नाही, हे माहीत होतं. पुढच्या वर्षी दार बंद. तरी सोडावं, असं मी एका गुरुवारी दुपारी ठरवलं, आणि शेवटचं म्हणून प्रॅक्टिकलच्या खोलीत गेले. तिथे पलंगावर पुतळा असतो, प्लास्टिकचा, अंगावर चादर घातलेला. त्याचे पाय धुवायला मी टब भरला. का, ते मला सांगता येत नाही. पैसे भरले होते, पाणी गरम होतं, पाय समोर होते.

एक पाय धुवून होईतो माझी जोडीदार पाण्याची बाटली शोधत आत आली. मला पाहून थबकली आणि परत फिरायला लागली. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"इतने गंदे लगते हैं हमारे पैर?" मी म्हटलं. "प्लास्टिक के धो सकते हैं, हमारे नहीं?"

ती वळली. तिचा चेहरा पाहून मला कळलं की माझं काहीतरी साफ चुकलं आहे, पण शब्द गेलेले होते.

"गंदे?" ती म्हणाली. "आंटी, गंदे किसने कहा?"

"फिर?"

ती रडायलाच लागली. रडत रडत तिने जे सांगितलं ते मी दोनदा विचारून घेतलं, कारण पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरेना. त्यांच्याकडे बिटियाला आपल्या पायांना शिवू देत नाहीत. सून पाया पडते, मुलगा पडतो, पण मुलगी म्हणजे देवी; उलट मोठी माणसंच तिच्या पाया पडतात. नवरात्रात तिचे पाय धुतात. मोठ्या माणसाने बिटियाला आपल्या पायांना हात लावू दिला तर पाप लागतं.

"किसको?" मी विचारलं. "तुमको?"

"हमको काहे लगेगा," ती नाक पुसत म्हणाली. "आपको लगेगा, आंटी. आप हमारी मम्मी की उम्र की हैं. हॉस्टल में सबने बात की थी. आप वैसे ही घर-बार छोड़कर इतनी मुश्किल से पढ़ने आती हैं, ऊपर से हम आपको पाप भी लगवा दें?"

मी त्या प्लास्टिकच्या माणसाच्या पायथ्याशी बसले. आमच्याकडे सगळं उलटं. पाहुणे आले की आई आतून हाक मारते, "इकडे ये, नमस्कार कर," आणि मुलीला पुढे ढकलते. माझ्या मुलीने पहिल्या दिवाळीला घरमालकिणीच्या आईला वाकून नमस्कार केला होता, तेव्हा त्या म्हाताऱ्या चटका बसल्यासारख्या मागे सरल्या होत्या. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, मोठ्या सोवळ्याच्या दिसतात. आणि पुढची चार वर्षं मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत राहिले. लखनौत मी चार वर्षं राहिले होते म्हणजे काय, तर भाजी कुठे चांगली मिळते आणि कुठला टेम्पो, म्हणजे इथली शेअर रिक्षा, कुठे जातो एवढं मला कळत होतं. लोकांच्या देवघरापर्यंत मी कधी गेले नव्हते.

"आणि मी तुमचे पाय धुतले तर?" हे मी मराठीतच विचारलं, गडबडीत. मग हिंदीत विचारलं.

"वो तो पुण्य है," ती म्हणाली. "वो तो सब करते हैं."

म्हणजे पोरींनी हिशोब मांडला होता: मी त्यांचे पाय धुवावेत, पुण्य मिळवावं, आणि माझा धडा त्यांनी नुसता झाला म्हणून सांगावं. त्या मला वाचवत होत्या. आणि मी रोज वजरी घेऊन बसत होते. मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. तिला काही कळेना, ती आणखीच घाबरली.

मी म्हटलं, "बेटा, हमारे महाराष्ट्र में ये पाप नहीं लगता." मग वाटलं, ही पळवाट झाली. तिच्या देवाला सांगली आणि सीतापूर वेगळं थोडंच आहे. म्हणून म्हटलं, "और अगर लगता है तो लगने दो. मैं ले लूँगी. वॉर्ड में जाना है मुझे."

तिने मनगटाने डोळे पुसले. मग म्हणाली, "कल कर लें?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पलंगावर आडवी झाले. सगळ्या वर्गाला बातमी लागलेली, त्यामुळे बाकीच्या आपापले टब सोडून बघत उभ्या. तिने आधी माझ्या पायांकडे बघून हात जोडले, बहुधा माझ्या वतीने माफी मागितली असावी, आणि गुडघ्याखाली हात घातला. मी पाय उचलून दिला. मॅम म्हणाल्या, "आप मत उठाइए. आप मरीज़ हैं." मी पाय सैल सोडला. तिने उचलला, तर माझा पाय पुन्हा आपोआप तिच्या हातांना मदत करायला लागला. "ढीला छोड़िए," मॅम म्हणाल्या. "वज़न उसको लेने दीजिए, नहीं तो सीखेगी कैसे?"

जमेना. चौतीस वर्षांत, एक बाळंतपण सोडलं तर, माझ्या पायाचं वजन मी दुसऱ्या कुणाला दिलेलं नव्हतं. मिरजेला वडील असेच करायचे. मी त्यांचे पाय पुसायला घेतले की आधीच उचलून धरायचे, थरथरत, आणि म्हणायचे, "राहू दे गं." मला वाटायचं त्यांच्यात अजून ताकद आहे, आणि बरं वाटायचं. ताकदीचा काही संबंध नव्हता. त्यांना ओझं व्हायचं नव्हतं, बस्स. हे मला त्या पलंगावर कळलं, वडील जाऊन वर्ष उलटल्यावर, आणि ते त्यांना सांगता येणार नव्हतं. मी डोळे मिटले आणि पाय सोडून दिला. पाय तिच्या हातात जड झाला. तिने तो नीट धरला, टबात घेतला, आणि बोटांच्या मधल्या जागा एकेक करून धुतल्या. तिचे हात थंड होते.

धडा झाला. मग मी तिचे पाय धुतले, आणि बडबड्या मुलीने मागून विचारलं, "आंटी, हमारे भी धो देंगी? नवरात्र में तो कोई पूछता नहीं अब." सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून माझ्यासमोर त्या एकमेकींना शिव्या द्यायला लागल्या. आंटी म्हणणं काही सुटलं नाही.

तरीही सांगते, वयाचं ते ओझं त्या एका दिवसात उतरलं असं काही झालं नाही. वॉर्डात जायच्या सकाळी पांढरा युनिफॉर्म घालून मी आरशासमोर उभी होते, कानाजवळचे दोन पांढरे केस जाळीत कोंबत होते, आणि मनात तेच: आता लोकांसमोर. तिथे कुणी नातेवाईक विचारणार, ह्या वयात पहिलं वर्ष? मी सारखं तेच उत्तर घोकत टेम्पोत बसले.

बायकांचा वॉर्ड होता, हाडांचा. कोपऱ्यातल्या पलंगावर एक आजी, खुब्याचं हाड मोडलेलं, वय ऐंशीच्या पुढे. सकाळची कामं वाटून दिली, तेव्हा त्यांचे पाय धुवायचं काम माझ्या जोडीदाराकडे आलं. मी शेजारच्या पलंगाची चादर बदलत होते. थोड्या वेळात तिची हाक आली. "आंटी, ज़रा आइए."

आजींनी चांगला पाय चादरीखाली आखडून घेतला होता आणि दुसरा हलवता येत नव्हता म्हणून त्यावर दोन्ही हात ठेवले होते. "बिटिया से गोड़ न धोवाइब," त्या म्हणत होत्या. "पाप चढ़ी. मरै के बेरिया पाप न चढ़ाओ." मरायच्या वेळी हे पाप नको, असं.

सीतापूरची मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला आजींचं म्हणणं शंभर टक्के पटलेलं होतं, हीच पंचाईत होती. मी मनात म्हटलं, चला, इतके दिवस जे वय नडलं ते आज कामाला येईल. मी पदर खोचायच्या थाटात पुढे झाले. पदर नव्हता, ते वेगळं. टब तिच्या हातातून घेतला.

"अम्मा, मैं धोती हूँ. मैं बिटिया नहीं हूँ, बारह साल की बिटिया की माँ हूँ."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. सावकाश, डोक्यापासून खालपर्यंत. जाळीतले केस, चेहरा, मोकळे हात.

"कित्ते साल की हो?"

"चौंतीस पूरे हो गए, अम्मा. पैंतीसवाँ चल रहा है." हे मी जरा अभिमानानेच सांगितलं. लखनौत आल्यापासून पहिल्यांदा.

आजी हसल्या. तोंडात दात नव्हते. "हमरी सबसे छोटकी तुमसे बीस बरस बड़ी है," त्या म्हणाल्या. "तुम तौ अबहीं लरिका हौ." आणि चांगला पाय आणखी आत ओढून घेतला.

मी टब हातात घेऊन उभी राहिले. त्या मला टाळत नव्हत्या, माझ्यापासून पाप लागू नये म्हणून स्वतःला सांभाळत होत्या, कारण त्यांच्या हिशोबात मीही लेकच होते. कुणी माझ्यापुढून पाय ओढून घेतला आणि मला इतकं बरं वाटलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. शेजारी माझी जोडीदार तोंडावर हात ठेवून हसू दाबत होती.

"अम्मा," मी म्हटलं, "इस लड़की ने मेरे पैर धोए हैं. महीना होने आया. देखिए, कुछ नहीं हुआ मुझे."

"तुमका का होई," आजी म्हणाल्या. "तुम्हार तौ पूरी उमर परी है."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टबाकडे पाहिलं. मग सुस्कारा सोडून त्यांनी पाय चादरीबाहेर काढला, जरा उचलून धरला, थरथरत, मला मदत म्हणून. मी गुडघ्याखाली हात घातला आणि म्हटलं, "छोड़ दीजिए अम्मा, मैंने पकड़ा है." आधी त्यांनी सोडला नाही. मग सोडला. मी नवीन होते, धुवायला मला वेळ लागला.